हुकमाचे पान बाद का होते?

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एका अजगराचे हरिण झाले. रामायणातला मारीच निदान रावणाच्या धाकाने, पण आपल्याच मायेने हरिण झाला होता. आमच्या अजगराला कोणी विचारलेही नाही. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी, फराळाच्या ताटाशेजारी, सतरंजीवर हा चमत्कार घडला आणि अजगराची मालकीण, म्हणजे आमची बारा वर्षांची कन्या, पत्ते खाली टाकून उठली.

"सहावा डाव हरले. मी नाही खेळणार!"

समोर बसले होते आमचे भाचेराव. वय वर्षे पंधरा. माझी ताई गेली अठरा वर्षे अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळ असते, आणि दर दोन-तीन वर्षांनी दिवाळीला येते. या खेपेस भाचेरावांनी बरोबर पत्त्यांचे दोन कॅट आणले होते. एक दुकानातून तयार घेतलेला, तो त्यांनी उदार मनाने कन्येला दिला. दुसरा स्वतः दोन वर्षे खपून जमवलेला, तो स्वतःकडे ठेवला. त्या दुसऱ्या कॅटात 'ओको' नावाचे एक पान होते. ओको म्हणजे मुकुट चोरणारा एक गुलहौशी मायावी. तो एकदा मैदानात उतरला की प्रत्येक पाळीला समोरच्याच्या एखाद्या प्राण्याचे साधे हरिण करून टाकतो. अजगर असो, राक्षस असो, त्याचे सगळे गुण नाहीसे होतात आणि तीन बळाचे एक शिंगाडे हरिण उरते. शिवाय हा पठ्ठ्या आपल्या बाजूला खाऊ निर्माण करतो आणि पुढच्या पाळीला त्या खाऊचेही हरिण करतो! आमच्या सौभाग्यवतींनी हे ऐकले तेव्हा त्यांनी चकल्यांचा डबा सावधपणे आत नेऊन ठेवला.

भाचेराव मनाने सरळ. कन्या रुसली तशी ते म्हणाले, "अगं, हे पान स्ट्राँगच आहे. तिकडे दुकानातल्या मॅचेसना ते चालतच नाही. बॅन आहे."

कन्या दारातून वळली. "मग माझ्याशी कसं चालतं?"

भाचेरावांना उत्तर सुचेना. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी पडलो मराठीचा अध्यापक. पत्त्यांतले माझे ज्ञान बदाम सात आणि मेंढीकोट यांच्यापलीकडे गेलेले नाही. पण प्रश्न मोठा मार्मिक होता. कारखान्याने स्वतः छापलेले, लोकांनी पैसे देऊन विकत घेतलेले पान त्याच कारखान्याने 'हे खेळायचे नाही' म्हणून का ठरवावे? प्रथम मला वाटले की हा दुबळ्यांचा मत्सर असावा. हरणाऱ्यांनी ओरड केली आणि जिंकणाऱ्याच्या हातातले शस्त्र काढून घेतले, एवढाच हा प्रकार असेल. पुढे सुट्टीभर भाचेरावांकडून शिकवणी घेतली, थोडे वाचले, आणि माझे मत पार बदलले.

आता हा खेळ आपल्या पत्त्यांहून निराळा कसा, ते आधी पाहू. आपल्या घरच्या खेळात बावन्न पाने ठरलेली. हुकमाचा एक्का या डावात तुमच्याकडे आला तर पुढच्या डावात माझ्याकडे येईल. एक्का बलवान आहे म्हणून कोणी तक्रार करत नाही, कारण तो कोणाच्या मालकीचा नाही. पिसणाऱ्याच्या हाताला जे येईल ते. या नव्या खेळात मात्र प्रत्येक जण आपला कॅट घरून तयार करून आणतो. हजारो निरनिराळ्या पानांतून आपल्याला हवी ती निवडायची, विकत घ्यायची, मित्रांशी अदलाबदल करायची, आणि आपली फौज सजवून समोर बसायचे. म्हणजे एक्का जर बाजारात विकत मिळत असेल, तर पैसेवाला किंवा चतुर माणूस चार एक्के खिशात घालूनच खेळायला येणार! सगळा पेच इथून सुरू होतो.

या खेळाचे नाव 'मॅजिक: द गॅदरिंग'. जनक रिचर्ड गारफील्ड. हे गृहस्थ गणिताचे, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉक्टरेटसाठी अभ्यास करत असलेले. त्यांनी यंत्रमानवांच्या शर्यतीचा एक पटावरचा खेळ तयार केला होता, आणि तो घेऊन ते सिअ‍ॅटलजवळच्या 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या छोट्या कंपनीच्या पीटर अ‍ॅडकिसन यांच्याकडे गेले. अ‍ॅडकिसन म्हणाले, हा छापायला फार महाग. त्यापेक्षा खेळांच्या संमेलनात दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत चटकन खेळता येईल, खिशात मावेल असे काही करा. त्या मागणीतून ही पाने जन्माला आली. ऑगस्ट १९९३ मध्ये पहिली आवृत्ती बाहेर पडली. २९५ प्रकारची पाने, आणि एकूण छपाई सुमारे २६ लाखांची. माल हां हां म्हणता संपला.

खेळाची मूळ कल्पना सोपी आहे. दोन जादूगार समोरासमोर. प्रत्येकाचे प्राण वीस. समोरच्याचे वीस प्राण शून्यावर आणले की जिंकलात. मंत्र टाकायला किंवा प्राणी बोलवायला शक्ती लागते. तिला 'माना' म्हणतात. ही शक्ती मिळते भूमीच्या पानांतून, आणि भूमी एका पाळीला एकच उतरता येते. म्हणजे पहिल्या पाळीला एक माना, दुसऱ्या पाळीला दोन, तिसऱ्या पाळीला तीन. बालवर्गातून पहिलीत, पहिलीतून दुसरीत जावे तशी ही चढण. लहान प्राणी आधी, अजगर शेवटी. खेळाची सगळी गोडी या पायऱ्यांत आहे.

आता 'ब्लॅक लोटस' नावाचे पान पाहा. काळे कमळ. ते उतरायला शक्ती शून्य लागते, आणि ते मोडले की तत्क्षणी तीन माना मिळतात. म्हणजे पहिल्याच पाळीला, एका भूमीच्या जोडीने, चौथ्या पाळीची ताकद! मुलगा सकाळी बालवर्गात बसला आणि मधल्या सुट्टीत तिसरीत पोचला, असा हा हिशेब. दुसरे पान 'अ‍ॅन्सेस्ट्रल रिकॉल': एक माना खर्चून तीन नवी पाने उचला. तिसरे 'टाइम वॉक': दोन माना द्या आणि ओळीने आणखी एक पाळी घ्या. क्रिकेटमध्ये एकाच संघाने दोन डाव लागोपाठ खेळावेत आणि दुसऱ्याने टाळ्या वाजवाव्यात, तसे. अशी एकूण नऊ पाने 'पॉवर नाइन' या नावाने प्रसिद्ध आहेत. १९९३ नंतर ती नेहमीच्या खेळासाठी पुन्हा छापली गेली नाहीत. काळ्या कमळाच्या पहिल्या आवृत्तीच्या सुमारे अकराशे प्रती निघाल्या. त्यांतलीच एक उत्तम स्थितीतली प्रत जानेवारी २०२१ मध्ये लिलावात ५ लाख ११ हजार १०० डॉलरांना गेली.

मग गारफील्डसाहेबांना गणित येत नव्हते काय? येत होते. ही पाने जबरदस्त आहेत याची त्यांना कल्पना होती. पण त्यांचा भरवसा दुर्मिळतेवर होता. एखाद्या गावातल्या दहा-पंधरा मित्रांनी पाचपन्नास पाकिटे घेतली, तर सगळ्यांत मिळून एखादे काळे कमळ निघेल. ते ज्याच्याकडे असेल त्याचा तो मान, त्यात काय मोठे बिघडते, असा विचार. शिवाय मूळ नियमात पैज होती. डाव सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या कॅटातले एक पान पणाला लावायचे, आणि जिंकणाऱ्याने दोन्ही घ्यायची. बलवान पाने अशी हस्ते परहस्ते फिरत राहतील ही अपेक्षा. आपल्याकडे द्यूताचा शेवट काय होतो हे महाभारताने सांगून ठेवले आहे. तिकडच्या लोकांना ते अनुभवाने कळले. आपले आवडते पान पणाला लावून घालवणे कोणालाच रुचेना. ती पैज मोडीत निघाली, आणि पैजेचा उल्लेख असलेली नऊ पाने सर्व सामन्यांतून कायमची बाद झाली.

दुर्मिळतेचा बांधही लवकरच फुटला. लोकांनी पाचपन्नास नव्हे, पेट्याच्या पेट्या विकत घेतल्या. एका पानाच्या किती प्रती कॅटात असाव्यात यावर प्रारंभी काही मर्यादाच नव्हती. ज्याच्याकडे दहा काळी कमळे असतील त्याने दहाच्या दहा घालावीत! तेव्हा १९९४ च्या सुरुवातीस सामन्यांसाठी शिस्त घालून देण्यात आली. कॅट किमान साठ पानांचा. कोणतेही पान, साध्या भूमीखेरीज, जास्तीत जास्त चार प्रतींत. आणि काही पानांची वेगळी यादी. या यादीचे दोन भाग. एका भागातली पाने पूर्ण बाद. दुसऱ्या भागातली फक्त एक प्रत चालेल अशी. काळे कमळ आणि त्याची आठ भावंडे या दुसऱ्या भागात गेली.

या 'एक प्रत' युक्तीत मोठा शहाणपणा आहे. साठात एकच प्रत असली की ती हाती येणे नशिबावर. आली तर आनंद, न आली तर बाकीच्या एकोणसाठ पानांवर खेळ करून दाखवा. म्हणजे बलवान पानाला पुन्हा आपल्या हुकमाच्या एक्क्यासारखे केले. ते आहे, पण त्यावर विसंबता येत नाही.

पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, आणखी एक वाट काढली. सामन्यांचे प्रकारच वेगळे केले. खेळाडू त्यांना 'फॉरमॅट' म्हणतात. एका प्रकारात जुनी-नवी बहुतेक सगळी पाने चालतात. त्याला आज 'व्हिंटेज' म्हणतात, आणि काळे कमळ एका प्रतीत अजून तिथेच फुलते. दुसऱ्या प्रकारात फक्त अलीकडच्या संचांतली पाने चालतात. हा 'स्टँडर्ड'. नवे संच आले की जुने आपोआप निवृत्त होतात. यात दोन हेतू साधले. नव्या मुलाला आजोबांच्या काळची लाखमोलाची पाने नसली तरी बरोबरीने बसता येते, आणि आजोबांनाही आपली पाने जाळावी लागत नाहीत. म्हणून एखादे पान बाद आहे असे कोणी म्हटले, की पहिला प्रश्न विचारावा: कुठे बाद? पुष्कळ पाने एका घरी नकोशी आणि दुसऱ्या घरी लाडकी आहेत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पान नेमके केव्हा बाद करतात? फार जिंकते म्हणून? नुसते तेवढे पुरत नाही. चांगले पान जिंकायचेच. त्यासाठीच तर ते छापले. खरी कसोटी वेगळी आहे. त्या पानामुळे बाकीची पाने निरुपयोगी होतात काय, हे पाहतात. ऑक्टोबर १९९८ मध्ये 'उर्झाज सागा' नावाचा संच आला, आणि त्यातल्या 'टोलेरियन अ‍ॅकॅडमी' वगैरे पानांच्या जुळणीने डाव पहिल्या दोन-तीन पाळ्यांतच खलास होऊ लागले. समोरच्याने एक-दोन भूमी मांडाव्यात, तोवर प्राण शून्य. डावाचा आरंभ म्हणजे नाणेफेक, मध्य म्हणजे पत्ते पिसणे आणि अंत म्हणजे पहिली पाळी, असा विनोद त्या हिवाळ्यात रूढ झाला होता. डिसेंबरात त्या अ‍ॅकॅडमीवर बंदी आली. पाठोपाठ फेब्रुवारी १९९९ मध्ये 'मेमरी जार' हे पान विक्रीस आले, आणि त्याची चिन्हे पाहून घाईघाईने निर्णय घेऊन एप्रिलपासून तेही बाद केले. पाळण्यातच पाय दिसले म्हणायचे.

आमच्या ओकोची गोष्ट तशीच. ऑक्टोबर २०१९ मध्ये तो आला. नोव्हेंबरच्या १८ तारखेला स्टँडर्डमधून बाद झाल्याचे जाहीर झाले. मधल्या दीड महिन्यात मोठ्या सामन्यांतले बहुसंख्य खेळाडू ओकोच खेळत होते. कारण उघड आहे. समोर अजगर असला काय आणि उंदीर असला काय, दोघांचेही हरिणच होणार असेल तर कोणी अजगर का पाळावा? कन्येने सहा डावांत जे अनुभवले, ते हजारो लोकांनी दीड महिना अनुभवले होते. पुढे एकेक दार बंद होत गेले. २०२१ च्या फेब्रुवारीत, जिथे जुनी जबरदस्त पाने चालतात त्या 'लेगसी' प्रकारातूनही ओकोची पाठवणी झाली.

क्रिकेट पाहणाऱ्यांना याचे नवल वाटू नये. १९३२-३३ च्या हिवाळ्यात इंग्लंडच्या लारवूडने ऑस्ट्रेलियात अंगावर चेंडू टाकले आणि लेग बाजूला क्षेत्ररक्षकांची भिंत उभी राहिली. कालांतराने, १९५७ मध्ये, यष्टीमागच्या त्या बाजूला दोनच क्षेत्ररक्षक ठेवता येतील असा नियम आला. लारवूड वाईट गोलंदाज होता असे कोणी म्हटले नाही. फलंदाजाला फलंदाजी करता आली पाहिजे, एवढेच म्हटले.

सर्वच पाने मात्र बळामुळे बाद झालेली नाहीत. काही वेळखाऊपणामुळे गेली. आपल्याकडे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणल्या, त्यातली गोष्टीत गोष्ट सांगणारी शहराजादी घरोघरी ठाऊक आहे. या खेळातही तिच्या नावाचे पान आहे. ते उतरले की चालू डाव थांबवून उरलेल्या पानांनिशी आत दुसरा डाव खेळायचा, आणि त्यात हरणाऱ्याने मूळ डावातले अर्धे प्राण गमवायचे. आतल्या डावात ते पान पुन्हा निघाले तर तिसरा डाव! कल्पना सुरेख; पण पन्नास मिनिटांच्या फेरीत शंभर लोक खोळंबून बसले असताना हजार रात्रींची सवड कोणाला? ते पान बाद. 'केऑस ऑर्ब' हे पान हातभर उंचीवरून टेबलावर टाकायचे, आणि ते ज्या पानांवर पडेल ती नष्ट. पुढे वाद होणारच: शिवले की नाही, नीट उलटले की नाही. तेही बाद. विटीदांडूतली भांडणे ज्यांनी केली आहेत त्यांना यामागची दूरदृष्टी समजेल.

वाचक विचारतील, इतके जाणते लोक आधी तपासून का घेत नाहीत? घेतात. पण तपासणारे मूठभर आणि खेळणारे लाखो. शिवाय चूक बहुधा शेवटच्या घटकेला होते. २००४ सालचे 'स्कलक्लॅम्प' पाहा. कवटी आवळणारे एक यंत्र. ते प्राण्यावर चढवले की त्याचे बळ एकाने वाढते, आणि तो प्राणी मेला की मालकाला दोन नवी पाने मिळतात. मूळ योजनेत ते प्राण्याला अधिक चिवट करणारे होते. ऐन वेळी त्यात बदल करून चिवटपणा एकाने कमी केला. तो तोटा म्हणून घातला होता. झाले उलटेच! लहानसहान प्राणी यंत्र चढवताच मरू लागले, आणि एका माना-खर्चात दोन-दोन पाने हाती येऊ लागली. फेब्रुवारीत आलेले पान जूनमध्ये बाद झाले. वीस वर्षांनी 'नाडू' नावाच्या पक्ष्याच्या बाबतीत हाच प्रकार घडला. जून २०२४ मध्ये पान आले, ऑगस्टमध्ये 'मॉडर्न' प्रकारातून बाद झाले, आणि त्याचे रचनाकार मायकेल मेजर्स यांनी जाहीरपणे लिहिले की शेवटच्या क्षणी मजकूर बदलला आणि त्या अंतिम रूपात ते पान खेळून पाहिलेच नव्हते. परीक्षेच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्या माझ्यासारख्याला ही कबुली वाचून त्या गृहस्थाविषयी आपुलकी वाटली. छापखान्यात जाताना बदललेला प्रश्नच नेहमी अंगाशी येतो.

पण चूक कारखान्याची आणि भुर्दंड कोणाला? इथे या बंदीची दुखरी बाजू आहे. २०११ मध्ये 'जेस, द माइंड स्कल्प्टर' आणि 'स्टोनफोर्ज मिस्टिक' ही पाने स्टँडर्डमधून काढली. जेसची एक प्रत शंभर डॉलरांच्या आसपास विकली गेली होती, आणि चार प्रती लागत. स्टोनफोर्ज तर कंपनीने नुकत्याच विकलेल्या एका तयार कॅटात होती. दुकानातून नवा कॅट घ्यावा आणि तोच बेकायदा ठरावा! मग तोड अशी काढली, की तो कॅट जसाच्या तसा, एकही पान न बदलता खेळलात, तर त्यातली स्टोनफोर्ज चालेल. नियमाला माणुसकीचे ठिगळ लावले म्हणायचे.

सप्टेंबर २०२४ मध्ये तर प्रकरण हाताबाहेर गेले. 'कमांडर' हा प्रकार चार जणांनी गप्पा मारत खेळायचा. त्याची नियमावली हौशी खेळाडूंची एक समिती बिनपगारी सांभाळत होती. समितीने चार पाने एकदम बाद केली. त्यांतली दोन बरीच महाग, आणि एक, 'ज्युवेल्ड लोटस', कंपनीने २०२० मध्ये याच प्रकारासाठी खास छापलेले. ज्यांची पाने रातोरात स्वस्त झाली त्यांचा संताप इतका वाढला की समितीच्या सदस्यांना धमक्या आल्या, आणि आठवड्याभरात समितीने आपला कारभार कंपनीच्या हवाली केला. पत्त्यांच्या खेळापायी माणसाने माणसाला धमकावावे, हे वाचून मन खिन्न झाले. पण त्यातूनच एक गोष्ट स्पष्ट दिसते. पान जेव्हा खेळायची वस्तू न राहता साठवायची ठेव होते, तेव्हा ते बाद करणे हा नियम न वाटता दरोडा वाटू लागतो. आणि पाने छापून विकणाराच न्यायाधीश झाला, तर उद्या कोणते पान वाचवले आणि कोणते बुडवले याविषयी शंका राहणारच.

या यादीची एक गोष्ट मात्र मला फार आवडली. ती दगडावर कोरलेली नाही. 'गोलगारी ग्रेव्ह-ट्रोल' नावाचा राक्षस मॉडर्न प्रकारात २०११ पासून बाद होता. २०१५ मध्ये त्याला परत घेतले. पुन्हा उपद्रव झाला, तेव्हा २०१७ मध्ये पुन्हा घालवले. जेस मात्र २०१८ मध्ये मॉडर्नमध्ये आला आणि शहाण्यासारखा राहिला. दरम्यान इतर पाने बलवान झाली होती. एके काळचा दांडगा आता चारचौघांतला एक झाला होता. 'लुरस' या मांजरीची कथा तर नियम करणाऱ्यांनी अभ्यासावी अशी. व्हिंटेजमध्ये काळ्या कमळालासुद्धा एका प्रतीची मुभा. मग लुरस २०२० मध्ये तिथून पूर्ण बाद का? कारण ती कॅटात नव्हे, कॅटाबाहेर सोबतीण म्हणून बसायची आणि हमखास मिळायची. जी नेहमी हाताशीच आहे, तिच्या चार प्रती काय आणि एक प्रत काय! पुढे सोबतिणींचा नियमच कडक केला, आणि २०२१ मध्ये लुरस सन्मानाने परतली. पान बदलले नव्हते. भोवतालचा नियम बदलला होता.

हे सारे मी भाऊबिजेच्या संध्याकाळी दोघांना समजावून सांगू लागलो. पण माझे व्याख्यान अर्ध्यावर असतानाच भाचेरावांनी ओकोचे पान काढून कन्येपुढे धरले. "घे, आता तू खेळ ह्याच्याशी. भाऊबीज."

कन्येने तीन डाव ओळीने जिंकले. पहिल्याला तिने आरोळी ठोकली. दुसऱ्याला नुसती हसली. तिसऱ्याला काहीच बोलली नाही. भाचेरावांचा हिरमुसला चेहरा पाहत होती. चौथ्या डावात ओको तिच्या हाती आलेला मी पाठीमागून पाहिला. तिने तो उतरलाच नाही. शेवटपर्यंत हातात धरून ठेवला आणि अगदी थोडक्यात हरली. मग दोघे जे हसत सुटले ते जेवायची पाने मांडेपर्यंत.

त्या रात्री स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या पाठीमागे आमच्या घरची बाद यादी लिहिली गेली. अक्षर भाचेरावांचे, उन्हाळ्यात शिकवणी लावून शिकलेले, वळण अंमळ वाकडे: 'ओको - मामाच्या घरि चालनार नाहि.' तीन शब्दांत तीन चुका. मी खिशातून पेन काढले होते. पुन्हा आत ठेवले. जानेवारीत नवी दिनदर्शिका आली, पण ते पान फाडून मी टेबलाच्या काचेखाली सरकवले आहे.

यंदाही ताई येणार आहे. कन्येने वर्षभर खाऊचे पैसे साठवून आपला स्वतंत्र कॅट जमवला आहे, आणि शाळेतल्या दोन मैत्रिणींना नादी लावले आहे. परवा ती काचेखालच्या कागदाकडे पाहत उभी होती.

"बाबा, यादीतलं पान परत घेता येतं ना?"

"येतं की. का गं?"

"दादाला सांगा, ओको घेऊन ये म्हणावं. आता मला जमेल."